‘राजकीयकरण’ की ‘राजकीयीकरण’? आणि हा शब्द नेमका कोणाला लागतो?

टायपिंगवाली (सोलापूर)

नवी पेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काँप्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि गिऱ्हाइकाला बसायला दोन स्टूल. बावीस वर्षं हेच करतेय. लग्नपत्रिका, भाडेकरार, श्रद्धांजलीचे फलक आणि सगळ्यात जास्त निवेदनं. सोलापूरचा माणूस उन्हाला कंटाळतो, निवेदन द्यायला कंटाळत नाही. “उपरोक्त विषयास अनुसरून” हे शब्द मी झोपेतसुद्धा टाइप करू शकते.

परवा दोन ज्येष्ठ आले. त्यांच्या वसाहतीत एक मोकळी जागा आहे, तिथं मुलांसाठी अभ्यासिका व्हावी असं निवेदन. मसुदा हातानं लिहिलेला, अक्षर मोत्यासारखं. शेवटचं वाक्य: “तरी या विषयाचे कोणीही राजकीयकरण करू नये, ही नम्र विनंती.” मी सवयीनं ‘राजकीयीकरण’ टाइप केलं. ज्यांचं अक्षर होतं ते काका स्क्रीनजवळ वाकून म्हणाले, “ताई, कीला वेलांटी, लगेच यीला वेलांटी, असं कुठं असतं का? ‘य’वरची काढा.”

मी काढणार तेवढ्यात दुसरे काका म्हणाले, “वेलांटी कशाला, वाक्यच काढा.” हे गिरणीत होते, युनियनमधलं काम केलेले. “आपण जागा कुणाकडं मागायलोय? मोकळी जागा अभ्यासिकेला द्यायची का बागेला, हे सभागृहात हात वर करून ठरतं. हे राजकारण नाही तर काय भजन आहे?”

“राजकारण म्हणजे पक्ष. आपला कुठला पक्ष आहे?”

“मग ज्यानं मधे पडू नये असं तुम्हाला वाटतं त्याचं नाव लिहा.”

“नाव कसं लिहायचं? रोज सकाळी फिरायला भेटतोय तो.”

अर्धा तास हेच. भाडेकरारासाठी आलेला मुलगा कंटाळून शेजारच्या दुकानात गेला. शेवटी दोघं म्हणाले, बरोबर काय ते तुम्हीच बघून ठेवा, सोमवारी येतो. मी दहावीनंतर टायपिंगच्या परीक्षा दिल्या, व्याकरणाच्या नाही.

म्हणून विचारते. वेलांटी ठेवायची की काढायची हे एक. दुसरं म्हणजे ‘राजकीयीकरण करणे’ आणि साधं ‘राजकारण करणे’ यात फरक आहे का, की पहिलं नुसतं इस्त्री केलेलं? आणि हा शब्द कधी चांगल्या अर्थानं वापरतात का? मी तरी कधी टाइप केलेला नाही. उलट एकदा सकाळी एका गटाचं निवेदन केलं आणि त्याच विषयावर संध्याकाळी विरुद्ध गटाचं. दोन्हींत हे वाक्य जसंच्या तसं. दुसऱ्या वेळी मी कॉपी-पेस्टच केलं.

धोटा

ताई, काकांना हसू नका. त्यांच्या वेलांटीचं कारण कदाचित पूर्व भागात सापडेल.

मी अशोक चौकाकडचा. आमचे टॉवेलचे लूम आहेत. घरात तेलुगू, कामगारांत निम्मे कन्नड बोलणारे, बिलबुक मराठीत. आता गंमत बघा. मराठीत ‘राजकीय’ हे विशेषण. राजकीय पक्ष, राजकीय सभा. त्याच्यापुढं काहीतरी लागतंच. पण तेलुगूत ‘राजकीयं’ म्हणजेच राजकारण. नाम. त्याच्यापुढं काही लागत नाही. ‘राजकीयं चेयकु’ म्हणजे राजकारण करू नकोस. कन्नडातही तसंच, ‘राजकीय माडबेड’. शब्द तोच संस्कृतातला, पण तिकडं तो स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि मराठीत कुणाचा तरी हात धरून चालतो.

म्हणून आमच्या गल्लीतला माणूस मराठी बोलताना सहज म्हणतो, “लई राजकीय करायलाय बघ तो.” मी पाचवीत निबंधात लिहिलं होतं, “गणपती मंडळात राजकीय नसावे.” बाईंनी ‘राजकीय’खाली लाल रेघ ओढून समासात लिहिलं, “काय नसावे?” मला आठवडाभर कळलं नव्हतं काय चुकलं ते. घरी विचारलं तर वडील म्हणाले, बरोबरच लिहिलंय की.

तेव्हा ‘राजकीय’ हे नाम धरलं तर ‘राजकीयकरण’ म्हणजे सरळ ‘राजकारण करणं’. वेलांटीची गरजच नाही. तुमच्या काकांची मायबोली कुठली ते विचारून बघा.

आणि अर्थाचं म्हणाल तर आमच्याकडं त्याला पक्ष लागत नाही. भिशीत पहिला नंबर कुणाचा लागला, लग्नात कुणाला आहेर कमी गेला, नवीन लूम कुणाच्या हाती दिला, सगळं ‘राजकीय’च. माझ्या आत्यानं तर पंगतीत वाढप्यावर आरोप केला होता, तिकडच्या ओळीला दोन-दोन लाडू, इकडं एक, हे राजकीय आहे म्हणून. (लाडू मोजले तर दोन्हीकडं एकेकच निघाले. आत्यानं माघार घेतली नाही.)

निवृत्त मास्तर

आधी वेलांटी. ती ठेवा.

‘करण’ जोडून असे शब्द करताना संस्कृतात च्वि नावाचा प्रत्यय लागतो. हा प्रत्यय मोठा मजेदार आहे. तो स्वतः कुठेच दिसत नाही, फक्त आधीच्या शब्दाच्या शेवटच्या ‘अ’ची ‘ई’ करून निघून जातो. शुद्ध, शुद्धीकरण. एकत्र, एकत्रीकरण. स्पष्ट, स्पष्टीकरण. राष्ट्रीय, राष्ट्रीयीकरण. 1969 साली चौदा बँकांचं झालं ते राष्ट्रीयीकरण. ‘राष्ट्रीयकरण’ असं पुष्कळ लोक तेव्हाही लिहीत आणि आजही लिहितात, पण नियमानं दोन वेलांट्याच. ‘खासगीकरण’मध्ये प्रश्न येत नाही, कारण ‘खासगी’ हा शब्द आपली ई घेऊनच आला आहे. राजकीय, म्हणून राजकीयीकरण. जिभेला त्रास होतो हे मान्य. जिभेच्या सोयीनं पुढेमागे ती ई झडेलही, आणि मग माझ्यासारखे दहा-पाच म्हातारे सोडले तर कुणाला दुःख होणार नाही.

‘राजकारणीकरण’ असंही काही जण लिहितात. ‘राजकारण’ला ई लावली असं म्हणून ते ओढूनताणून बसवता येईल, पण वाचणाऱ्याला ‘राजकारणी’ हाच शब्द दिसतो, म्हणजे एखाद्या भल्या माणसाला राजकारणी बनवणे. त्या अर्थानं वापरायचा असेल तर खुशाल वापरा, आपल्या जिल्ह्यात उदाहरणांची वाण नाही.

आता खरी गोष्ट. त्या न दिसणाऱ्या प्रत्ययाचा अर्थ काय? व्याकरणात त्याला ‘अभूततद्भाव’ म्हणतात. जे आधी तसं नव्हतं, ते तसं होणं. शुद्धीकरण होतं ते अशुद्धाचं. रुंदीकरण होतं ते अरुंद रस्त्याचं. विडी घरकुलच्या हमरस्त्याएवढ्या रुंद रस्त्याचं कुणी रुंदीकरण काढलं तर आपण विचारू, म्हणजे नक्की काय करणार? तसंच, ‘या विषयाचं राजकीयीकरण करू नका’ असं म्हणताच त्या एका वेलांटीतून आणखी एक विधान गुपचूप आत येतं: हा विषय आत्तापर्यंत राजकीय नव्हता. ते कुणी सिद्ध केलेलं नसतं, कुणी विचारतही नाही.

तुमचे गिरणीवाले काका अडले ते नेमके तिथेच. जागा कशाला द्यायची हे मत मोजून ठरणार असेल, तर तो विषय पहिल्यापासूनच राजकीय आहे. जे मुळात आंबट आहे ते आणखी कसं आंबवणार? त्यांना व्याकरण माहीत नसेल, पण च्वि प्रत्यय त्यांच्याइतका नेमका पकडलेला विद्यार्थी मला एकतीस वर्षांत क्वचितच मिळाला.

जाता जाता एक जोड: ‘राजकारण’ हा शब्द मराठीत सुरुवातीपासून शिवीसारखा नव्हता. समर्थांनी दासबोधात ‘राजकारण निरूपण’ नावाचा अख्खा समास लिहिला आहे, अकराव्या दशकातला पाचवा. तिथे हरिकथेनंतर लगेच दुसरा क्रमांक राजकारणाचा. म्हणजे कारभार, माणसं राखणं, सावधपणा. आत्याच्या लाडवापर्यंत तो शब्द कसा उतरला, हा एखाद्या पीएच.डी.चा विषय होईल.

सोलापुरी_राजा

एवढा कीस कशाला पाडायचा? “राजकारण करू नये” लिहा, प्रिंट काढा, पैसे घ्या. साहेब शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात असं वाटतं का तुम्हाला?

रात्रपाळी

वर्तमानपत्रात एकोणीस वर्षं बातम्या कापतोय, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर बोलतो. मास्तरांपुढं व्याकरणावर बोलण्याची हिंमत नाही.

आम्ही बातमीत ‘राजकीयीकरण’ टाळतो. सात अक्षरं, त्यातली दोन वेलांटीची. एका कॉलमच्या मथळ्यात मावत नाही. त्याऐवजी जे वापरतो ते सगळे सारखे नाहीत. ‘राजकीय रंग दिला’ म्हटलं की रंग बाहेरून लावलाय, धुतला तर निघेल. ‘राजकीय वळण लागलं’ म्हटलं की कुणीच काही केलं नाही, चालता चालता रस्ताच वळला; ज्या बातमीत नाव घ्यायची चोरी असते तिथं हा हमखास कामाला येतो. ‘राजकारण शिरलं’ म्हणजे दार कुणीतरी उघडं ठेवलं होतं. ‘राजकीय भांडवल केलं’ म्हणजे पुढं व्याज सुटणार. आणि ‘पोळी भाजून घेतली’ म्हणजे विस्तव दुसऱ्यानं पेटवलेला, पोळी आपली. (हा वाक्प्रचार पुण्याकडून आला असणार. सोलापुरी माणसानं भाकरी भाजली असती, तीही कडक, महिनाभर टिकणारी.)

यातला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी बाजूनं बोलतो. ‘राजकीयीकरण’ मात्र असा आव आणतो की आपण कुणाचेच नाही, आपण नुसती प्रक्रिया. ‘राजकारण करू नका’ म्हटलं तर समोरचा विचारतो, कोण करतंय? ‘राजकीयीकरण होऊ नये’ म्हटलं की विचारायची सोयच राहत नाही. म्हणून निवेदनात तो आवडतो. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यालाच रोज सकाळी फिरायला भेटायचं असतं ना.

आता चांगला अर्थ. राज्यशास्त्राच्या वर्गात हा शब्द चांगलाही नाही, वाईटही नाही. जो प्रश्न आधी खासगी किंवा दैवाचा मानला जायचा, तो चारचौघांत आणून, यावर निर्णय झाला पाहिजे असं म्हणणं, एवढाच त्याचा अर्थ. घरात बाईला मार बसतो हा कित्येक पिढ्या ‘घरचा मामला’ होता. बायकांनी तो मोर्च्यात आणला, भाषणांत आणला, आणि 2005 साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला. मास्तरांची व्याख्या इथं नेमकी बसते. आधी राजकीय नव्हतं, मग झालं. हे राजकीयीकरणच, आणि बरं झालं म्हणावं असं. पण हे असं लिहिलं तर वाचक अडखळतो. आपण म्हणतो ‘वाचा फोडली’.

टिळकांचंच बघा. गणपती चौकात आणला तो उघडउघड राजकीय हेतूनं, हे आपण शाळेत कौतुकानं शिकलो. पण “टिळकांनी गणेशोत्सवाचं राजकीयीकरण केलं” असं मी उद्या छापलं तर दहा वाजायच्या आत फोन येतील. “लोकजागृतीचं साधन बनवलं” असं छापलं तर कुणी फोन करणार नाही. केलेली गोष्ट तीच. आपल्याला पटलं तर लोकजागृती, नाही पटलं तर राजकीयीकरण. (आणि हो, आमचा आजोबा गणपती 1885 चा, टिळकांच्याही आधीचा, असा फोन येईल तो वेगळाच. सोलापूरकर ती संधी सोडत नाही.)

उलटं उदाहरण उजनीचं. 2021 साली उजनीतलं पाच टीएमसी पाणी इंदापूरकडं द्यायला एप्रिलमध्ये मान्यता मिळाली, जिल्हा पेटला, मे महिन्यात ती रद्द झाली. त्या दोन महिन्यांत “पाण्याचं राजकारण करू नका” हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलं की बोटं आपोआप चालायची. पण धरणातलं पाणी कुणाला किती, हे ठरतं मंत्रालयात. मग त्यात राजकारण नसेल तर काय असणार, जलतरण?

धोटा

रात्रपाळी, ‘भाकरी भाजून घेतली’ हा वाक्प्रचार आजपासून पूर्व भागात चालू करतो. शेंगाचटणीसकट.

टायपिंगवाली (सोलापूर)

सगळ्यांचे आभार. सोलापुरी राजा, साहेब वाचत नसतील, पण मी वाचते हो. टाइप करणाऱ्याला प्रत्येक अक्षर वाचावंच लागतं.

सोमवारी दोघं आले. धोटा, तुमचा अंदाज अर्धा बरोबर निघाला. वेलांटीवाल्या काकांची मायबोली कन्नड. मी ‘राजकीय माडबेड’ म्हटल्यावर एकदम खुलले, म्हणाले, “तुम्हाला येतं?” म्हटलं, एवढंच येतं, तेही शनिवारी शिकले. पण ‘राजकीयकरण’ मात्र त्यांनी कुठल्या तरी जुन्या निवेदनातून उतरवलं होतं. त्या निवेदनाची प्रत पिशवीतून काढून दाखवली. खाली टाइप करणाऱ्या दुकानाचं नाव होतं. माझंच. 2009 चं. तेव्हा वेलांटी मीच खाल्लेली.

मग मी मास्तरांचं च्वि प्रकरण जमेल तसं सांगितलं, की या शब्दात ‘आधी राजकीय नव्हतं’ हे दडलेलं आहे. गिरणीवाले काका थोडा वेळ गप्प बसले आणि मग भलतीकडंच गेले. म्हणाले, “चार हुतात्म्यांचं काय मग?” मला संदर्भ लागेना. ते सांगत होते 1930 चं. मे महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला, पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशीची शिक्षा झाली, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. “सरकारनं काय म्हणलं? खुनाचा खटला आहे, फौजदारी. गावानं काय म्हणलं? हुतात्मे. हे राजकीय नाहीच, असं कोण म्हणायलं होतं? ज्याच्या हातात दोर होता तो.” म्हणाले, त्यांच्या आजोबांनी तो काळ बघितलेला, घरात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत त्या तारखेची आठवण निघाल्याशिवाय राहायची नाही.

दुसरे काका यावर काही बोलले नाहीत. जरा वेळानं म्हणाले, “पण आपली नुसती अभ्यासिका आहे हो.”

“तेच म्हणतोय. नुसती अभ्यासिका आहे, तर घाबरता कशाला?”

मग पुन्हा बसले. मी मधेच दोन लग्नपत्रिकांची प्रुफं काढली. शेवटी त्यांनी जे वाक्य ठरवलं ते असं: “सर्व पक्षांच्या सदस्यांनी या मागणीस पाठिंबा द्यावा व तो सभागृहात नोंदवावा, ही नम्र विनंती.” गिरणीवाल्या काकांना ‘नोंदवावा’ हवंच होतं. वेलांटीवाल्यांनी ‘नम्र’ घालायला लावलं. दोन्ही घातलं.

प्रिंट घेऊन निघताना वेलांटीवाले काका मागे वळून म्हणाले, “ज्याचं नाव लिहायचं नव्हतं ना, त्यालाच पहिली सही मागतो आता. बघू काय करतो.” सही मिळाली का ते अजून कळलेलं नाही.

माझ्याकडं निवेदनाची एक नमुना फाइल आहे, तारीख आणि विषय बदलला की झालं. त्यात शेवटी ते राजकीयकरणाचं वाक्य कायमचं बसलेलं होतं, न मागता प्रत्येकाला जायचं. किती वर्षं गेलं कुणास ठाऊक. ते मी काढून टाकलंय. ज्याला हवंय त्यानं तोंडानं सांगावं, मी टाइप करून देईन, दोन्ही वेलांट्यांसकट.